रस, साल आणि ओलावा : लिंबू-संत्र्याच्या पाउंड केकचा आढावा

पाउंड केकची मूळ कृती चार जिनसांची आहे. लोणी, साखर, अंडी आणि मैदा, चारही सारख्या वजनाचे. त्यात लिंबाची किंवा संत्र्याची साल किसून घातली की पाचवा जिन्नस आला. एवढ्याशा यादीवर पावणेतीनशे वर्षे लिहिले जात आहे आणि तरी काही मूलभूत गोष्टींवर एकमत झालेले नाही. केक ओलसर राहावा म्हणून नेमके काय वाढवायचे, आंबट फळाचा स्वाद सालीतून घ्यायचा की रसातून, मिश्रण कोणत्या क्रमाने करायचे, हे प्रश्न अजून चर्चेत आहेत. आपल्याकडे त्यांत आणखी एकाची भर पडते. ही सारी चर्चा मुख्यतः थंड हवेच्या देशांत, जाड सालीच्या पिवळ्या लिंबांवर आणि तापमान दाखवणाऱ्या ओव्हनवर झाली. कागदी लिंबू, नागपुरी संत्रे आणि एप्रिल महिन्यातले पुणे-नागपूर यांना ती कितपत लागू पडते, हे तपासून पाहावे लागते.

चार जिनसांपासून सुरुवात

हॅना ग्लास यांचे ‘द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड इझी’ हे पुस्तक 1747 साली लंडनमध्ये निघाले. त्यातल्या पाउंड केकमध्ये एक पाउंड लोणी, एक पाउंड साखर, एक पाउंड पीठ आणि 12 अंडी आहेत, पण पांढरा भाग त्यांतल्या निम्म्याच अंड्यांचा घ्यायचा. स्वादाला थोडी शहाजिऱ्यासारखी कॅरावे. सगळे मिळून हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने तासभर फेटायचे. बेकिंग पावडर तेव्हा नव्हतीच. केक फुलायचा तो फेटताना लोण्यात आणि अंड्यांत कोंडलेल्या हवेवर. अमेरिकेत 1796 साली प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’त हाच केक येतो, तिथे अंडी 10 आणि स्वादाला गुलाबपाणी. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताचा ‘कात्र-कार’ हा त्याच जातीचा, चार भाग सारखे असलेला केक.

एक पाउंड म्हणजे सुमारे 454 ग्रॅम. म्हणजे घरातल्या एका वेळच्या घाण्यात पावणेदोन-दोन किलोचा केक तयार व्हायचा. अठराव्या शतकातल्या मोठ्या कुटुंबाला तो चालत असे. आज घरी करताना प्रमाण तेच ठेवून वजन निम्मे किंवा त्याहून कमी घेतात.

एकोणिसाव्या शतकात तासभर फेटण्याचे कष्ट कमी झाले. 1843 साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली, 1856 साली अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड यांना त्यांच्या पावडरीचे पेटंट मिळाले. रासायनिक फुगवण हाताशी आल्यावर दूध, आंबवलेली साय, क्रीम चीज अशा जड आणि पाणीदार वस्तू घालूनही केक फुलू लागला. अमेरिकेच्या दक्षिण भागात पाउंड केकची जी मोठी परंपरा वाढली, ती या मोकळीकीवर उभी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे लिंबाच्या स्वादाचे सेव्हन-अप घालून केलेला पाउंड केकही रूढ झाला. 1950 साली मिनियापोलिसच्या नॉर्डिक वेअर कंपनीने मध्ये नळी असलेले बंट भांडे काढले. जाड मिश्रणाला मधूनही उष्णता मिळाल्याने मोठा केक आतून कच्चा राहण्याचा धोका त्यामुळे घटला.

आंबट फळांच्या बाबतीत विसाव्या शतकात तीन वेगळ्या वाटा तयार झाल्या. ब्रिटनमध्ये ‘लेमन ड्रिझल’ रुळला. गरम केकवर लिंबाचा रस आणि दाणेदार साखर ओतायची, रस आत मुरतो आणि साखरेची कुरकुरीत पापडी वर राहते. अमेरिकेत मेडा हीटर यांच्या 1974 सालच्या पुस्तकातला लेमन केक गाजला, त्यातही भट्टीतून काढल्यावर लगेच रस-साखरेचे मिश्रण लावायचे असते. तिसरी वाट भूमध्य समुद्राकाठची. क्लॉडिया रोडेन यांनी 1968 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अख्खी संत्री उकडून, वाटून, बदामाच्या पुडीत मिसळून केलेला केक दिला. त्यात लोणीही नाही आणि मैदाही नाही. पाउंड केकच्या व्याख्येत तो बसत नाही, परंतु ओलावा फळातूनच आणता येतो हे त्याने दाखवले, म्हणून या आढाव्यात त्याची नोंद हवी.

महाराष्ट्रात लोणी-साखर-अंड्यांच्या दाट केकशी ओळख आहे ती इराणी-पारशी बेकऱ्यांतल्या मावा केकमुळे. वेलचीचा वास आणि खव्याचा मऊपणा असलेला तो केक पाउंड केकचा जवळचा नातलग आहे. गोव्यात नाताळला रवा आणि नारळाचा बाथ होतो. घरगुती बेकिंगची मात्र आपली स्वतंत्र चाल होती. कुकरची शिटी आणि रिंग काढून तळाशी वाळू किंवा मीठ घालून केलेला केक, काचेची खिडकी असलेला अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन, दिवाळीत नानकटाई भाजायला बेकरीच्या भट्टीवर नेलेली ताटे. या सगळ्यांतून जो केक घडला तो हलका, जाळीदार, स्पंजसारखा. म्हणून पाउंड केकची घट्ट, बारीक वीण पाहिली की आपल्याकडे अनेकांना केक बसला असे वाटते. चव घेण्याआधीच हा निर्णय होतो आणि तो बरोबर नाही. या केकची वीण घट्टच असते, कोरडी असता कामा नये एवढेच.

ओलसरपणा कशाने येतो

बहुतेक पाककृती ‘ओलसर’ आणि ‘पाणी जास्त’ या दोन गोष्टी एकच धरतात. घोटाळा तिथेच सुरू होतो.

चारही जिन्नस 100 ग्रॅम घेतले तर अंड्यांतून सुमारे 75 ग्रॅम, लोण्यातून 16 ग्रॅम आणि मैद्यातून 12-13 ग्रॅम पाणी येते. 400 ग्रॅम मिश्रणात ते जेमतेम चौथा हिस्सा, आणि त्यातलेही काही भाजताना उडते. तरीही चांगला पाउंड केक जिभेला कोरडा लागत नाही. कारण ओलसरपणाची जाणीव पाण्याइतकीच स्निग्धांश आणि साखरेतून येते. स्निग्धांश मैद्याच्या कणांना वेढतो आणि ग्लुटेनचे लांब धागे होऊ देत नाही. साखर पाणी धरून ठेवते. शिवाय ती स्टार्च शिजण्याचे तापमान वर ढकलते. गव्हाचे स्टार्च नुसत्या पाण्यात 60 अंश सेल्सिअसच्या आसपास फुगू लागते, भरपूर साखर असलेल्या मिश्रणात हा टप्पा 80 अंशांच्या पुढे जातो. तेवढा वेळ केकला फुलायला मिळतो आणि वीण नाजूक होते.

आपल्याकडे सर्रास होणारा एक बदल यामुळे महागात पडतो. परदेशी कृती गोड वाटते म्हणून साखर निम्म्यावर आणली जाते आणि मग केक कोरडा झाला की दोष ओव्हनवर जातो. साखर 10-15 टक्के कमी केली तर केक सांभाळून घेतो, त्याखाली गेल्यावर तो पाउंड केक राहत नाही, गोडसर पाव होतो. साखर कमी खायची असेल तर काप पातळ करावा, हे अधिक सरळ.

दुसरा भाग शिळेपणाचा. 1852 साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी दाखवून दिले की हवाबंद ठेवलेला पावही शिळा होतो आणि पुन्हा गरम केल्यावर मऊ पडतो. म्हणजे शिळेपणा नुसते पाणी उडाल्याने येत नाही. शिजलेले स्टार्च थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट रचनेत जाते, आणि हा बदल फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होतो. केकमध्ये साखर आणि स्निग्धांश असल्याने वेग मंदावतो, थांबत नाही. शिवाय फ्रिजमध्ये लोणी गोठते आणि केक कडक लागतो. म्हणून ओलसर केक हवा असेल तर तो नीट गुंडाळून बाहेर ठेवावा, जास्त दिवसांसाठी काप करून फ्रीझरमध्ये ठेवावा, याविषयी जाणकारांत फारसा वाद नाही. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र बाहेर ठेवलेल्या केकला लवकर बुरशी येते. तिथे फ्रिज टाळता येत नाही, मग खाण्याआधी काप थोडा गरम करणे हाच उपाय.

तिसरे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित, ते म्हणजे जास्त भाजणे. मध्यभागाचे तापमान 98-99 अंशांवर पोचले की केक झालेला असतो. सुरी अगदी कोरडी निघेपर्यंत थांबले तर कडा तोवर वाळलेल्या असतात. सुरीला ओले मिश्रण नको, पण दोन-चार ओलसर कण चिकटले तर केक बाहेर काढावा.

लोणी की तेल

लोण्याच्या बाजूचे म्हणणे स्पष्ट आहे. पाउंड केक हा लोण्याच्या चवीचा केक आहे, आणि घन लोणी साखरेबरोबर फेटले तरच त्यात हवा कोंडली जाते. ज्यांना लिंबाचा वास ठळक हवा तेसुद्धा मागे लोण्याची गोलाई मागतात.

तेलाच्या बाजूने बोलणारे पोताकडे लक्ष वेधतात. तेल खोलीच्या तापमानाला पातळच असते, म्हणून तेलाचा केक तिसऱ्या-चौथ्या दिवशीही मऊ लागतो. लोण्याचा केक थंड खोलीत घट्ट होतो आणि तेवढ्यानेच कोरडा वाटतो, जरी त्यातले पाणी तेवढेच असले तरी. शिवाय तेलाला स्वतःचा वास नसेल तर सालीतली सुगंधी तेले अधिक उठून येतात.

मधला मार्ग म्हणजे बहुतांश लोणी आणि थोडे तेल. माझा कल याच बाजूला आहे. लोण्याचा पाचवा-सहावा हिस्सा तेलाने बदलला तर चवीत फरक जाणवत नाही आणि दुसऱ्या दिवशीचा केक बराच सुधारतो. तुपाची सूचना आपल्याकडे वारंवार येते. तुपात पाणी नसते आणि त्याचा वास लिंबावर चढतो, म्हणून रव्याच्या केकला ते शोभते, इथे नाही. घरचे पांढरे लोणी वापरायचे तर त्यातले ताक-पाणी दाबून काढावे लागते, कारण विकतच्या लोण्यात स्निग्धांश किमान 80 टक्के असतो, घरच्यात किती हे प्रत्येक वेळी वेगळे. विकतचे पिवळे खारे लोणी पाव किलो घेतले तर त्यात साधारण चमचाभर मीठ आधीच आलेले असते, तेव्हा वेगळे मीठ घालू नये.

फेटण्याच्या तीन रीती

पहिली रीत जुनी : लोणी आणि साखर हलके होईपर्यंत फेटायचे, मग एकेक अंडे, मग मैदा. साखरेचे कण लोण्यात बारीक हवेच्या पोकळ्या पाडतात आणि पुढे त्याच पोकळ्या फुगतात. बेकिंग पावडर नवी पोकळी तयार करत नाही, असलेली मोठी करते. त्यामुळे पावडर घातली म्हणून फेटणे सोडून चालत नाही. या रीतीचा कच्चा दुवा तापमान. लोणी 18 ते 20 अंशांना असावे, दाबले तर बोट उमटावे पण चकाकी नसावी. थंड अंडी एकदम घातली तर मिश्रण फाटते.

दुसरी रीत उलटी : मैदा, साखर आणि बेकिंग पावडरमध्ये आधी लोणी मिसळायचे, नंतर अंडी आणि दूध. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेकऱ्यांत 1930 च्या दशकापासून साखर जास्त असलेल्या केकसाठी अशा पद्धती विकसित झाल्या. घरगुती बेकिंगमध्ये ही रीत पोचवण्याचे मोठे श्रेय रोझ लेव्ही बेरनबाम यांच्या 1988 सालच्या ‘द केक बायबल’ला जाते. मैद्याच्या कणांवर आधीच स्निग्धांशाचा लेप बसल्याने ग्लुटेन कमी होते, वीण मखमली येते. केक थोडा कमी फुलतो. पारंपरिक पाउंड केकचे चाहते म्हणतात की ही वीण जास्तच नाजूक आहे, कापाला दाताखाली जो भरीवपणा लागायला हवा तो हरवतो. आक्षेपात तथ्य आहे. ओलसरपणा हेच पहिले उद्दिष्ट असेल तर मात्र ही रीत सरस ठरते.

तिसरी रीत फ्रेंच घरांतून येते. अंडी आणि साखर फेटायची, दाट क्रीम घालायचे, मैदा हलक्या हाताने मिसळायचा आणि शेवटी वितळवून कोमट केलेले लोणी. फ्रेंच लिंबाचे लोफ केक बऱ्याचदा असेच होतात. हवा अंड्यांत धरली जाते, लोण्याचे तापमान सांभाळावे लागत नाही. आपल्याकडच्या चर्चेत या रीतीला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही. नागपुरात उन्हाळ्यात स्वयंपाकघराचे तापमान 35 अंशांवर असते आणि लोणी 32 अंशांच्या पुढे वितळू लागते. तिथे ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणा’ ही सूचना पाळणे म्हणजे लोण्याचे तेल करणे. अशा हवेत पहिली रीत वापरायचीच असेल तर लोणी फ्रिजमधून काढून दहा मिनिटांत फेटायला घ्यावे आणि भांडे थंड पाण्यावर धरावे. नाहीतर एप्रिल-मे महिन्यांत सरळ तिसरी रीत धरावी.

साल, रस आणि पाक

स्वादाच्या बाबतीत पूर्वीचा मोठा वाद जवळजवळ मिटला आहे. फळाचा वास सालीच्या रंगीत भागातल्या तेलपेशींत असतो, आंबटपणा रसात. सालीतल्या तेलाचा मोठा हिस्सा लिमोनीन, आणि लिंबाला लिंबूपण देणारा भाग सिट्रलचा. ही तेले स्निग्धांशात विरघळतात, म्हणून साल साखरेबरोबर बोटांनी चोळून मग लोण्यात घातली तर वास केकभर पसरतो. डोरी ग्रीनस्पॅन यांनी ही युक्ती लोकप्रिय केली आणि तिचे श्रेय फ्रेंच पेस्ट्रीकार पिएर एर्मे यांना दिले. बारीक किसणीचीही एक गोष्ट आहे. मायक्रोप्लेन ही मुळात सुतारकामाची कानस. 1994 साली कॅनडातल्या ओटावा शहरात अवजारांच्या व्यवसायातल्या एका कुटुंबात आर्मेनियन संत्रा केक करताना साल नीट किसली जाईना, तेव्हा ती कानस हाती घेतली गेली, आणि आज ती जगभरच्या स्वयंपाकघरांत आहे. सालीचा पांढरा थर न खरवडता फक्त रंगीत भाग घेता येणे हा तिचा उपयोग. पांढरा थर कडवट असतो.

रसाविषयी मात्र गैरसमज टिकून आहे. ‘जास्त रस, जास्त स्वाद, जास्त ओलावा’ हे गणित मिश्रणात चालत नाही. लिंबाच्या रसात साधारण 5 ते 6 टक्के सायट्रिक आम्ल असते. ते बेकिंग पावडरीतल्या किंवा वेगळ्या घातलेल्या सोड्याशी संयोग पावते आणि आंबटपणा तिथेच संपतो. सोडा नसेल आणि रस भरपूर असेल तर अंड्यांतली प्रथिने लवकर घट्ट होतात, मिश्रण फाटते. संत्र्याच्या रसात आम्ल फारच कमी, त्यामुळे तो कपभर घातला तरी केकला पिवळसर रंग आणि गोडवा येतो, संत्र्याची ओळख पटत नाही. उलट पाणी वाढते आणि तळाशी चिकट, दाट पट्टा बसतो. अमेरिकेच्या दक्षिणेत हा पट्टा आवडीने खाणारेही आहेत, पण तो मुद्दाम आणावा असे कोणी सांगत नाही.

म्हणून आजचा सर्वसाधारण कौल असा : वास सालीतून, आंबटपणा भाजल्यानंतरच्या पाकातून. मतभेद उरतात ते पाकाच्या तपशिलात. काहीजण रस आणि साखर उकळून पाक करतात, तो एकसारखा मुरतो. काहीजण न उकळता साखर रसात फक्त ढवळतात, कारण उकळल्याने ताज्या रसाचा टवटवीतपणा जातो. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. आत ओलावा हवा असेल तर उकळलेला, वर आंबट पापडी हवी असेल तर न उकळलेला. केक गरम असताना, सुरीने किंवा बारीक काडीने भोके पाडून, थोडा थोडा पाक घालावा. एकदम ओतला तर तो तळाशी साचतो. आणि पाक हे वाळलेल्या केकवरचे औषध मानू नये. जास्त भाजलेला केक पाकाने ओला होतो, मऊ होत नाही.

आपली फळे, आपला ओव्हन

कागदी लिंबाची साल पातळ असते. दोन फेऱ्यांतच किसणी पांढऱ्या थराला लागते, आणि वासही परदेशी पिवळ्या लिंबापेक्षा वेगळा, जास्त तिखट. तो कमी दर्जाचा आहे असे मुळीच नाही. फक्त कृतीत ‘दोन लिंबांची साल’ लिहिलेली असेल तर आपल्याला चार-पाच लिंबे घ्यावी लागतात, तीही पिवळी पडू लागलेली. ईडलिंबाची जाड, खडबडीत साल किसायला सोपी आणि सुवासिक असते. लोणच्यापलीकडे तिचा वापर व्हायला हवा.

2014 साली भौगोलिक निर्देशांक मिळालेले नागपुरी संत्रे हे सैल सालीचे फळ. किसताना साल हलते आणि फाटते. आधी फळ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले तर काम सोपे होते. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. म्हणजे संत्र्याचा केक आपल्याकडे मुळात हिवाळी पदार्थ आहे, आणि लोणी फेटायलाही तेच महिने चांगले. मोसंबीची साल घट्ट असल्याने छान किसली जाते, पण तिचा रस काढून ठेवला की कडवट होतो, हे घरोघरी माहीत आहे. रसातला एक घटक आम्लामुळे हळूहळू लिमोनीन नव्हे तर लिमोनिन या कडू द्रव्यात बदलतो. नागपुरी संत्र्याच्या रसालाही हा दोष थोड्याफार प्रमाणात लागतो. पाकासाठी रस आयत्या वेळी काढावा, आणि संत्र्याच्या पाकात आंबटपणासाठी कागदी लिंबू पिळावे.

ओव्हनबद्दल थोडक्यात. ओटीजीच्या चकतीवरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत बराच फरक असू शकतो, म्हणून आत ठेवायचा साधा तापमापक घेणे हा सर्वांत फायद्याचा खर्च. 165 ते 170 अंश, पंखा असेल तर 15-20 अंश कमी. लहान ओटीजीत वरची सळई केकच्या अगदी जवळ येते, त्यामुळे अर्ध्या वेळेनंतर वर फॉइल घालावी. कुकरमध्ये उष्णता खालूनच मिळते, खोल भांड्यातल्या पाउंड केकचा तळ करपतो आणि माथा पांढुरका राहतो. कुकरच वापरायचा असेल तर मिश्रण पसरट डब्यात, दोन बोटांहून कमी उंचीचे ठेवावे.

अंड्याशिवाय पाउंड केक

महाराष्ट्रात हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. एका बाजूचे म्हणणे असे की चौथा हिस्साच काढून टाकल्यावर उरलेल्याला पाउंड केक म्हणू नये. अंड्यातला बलक लोणी आणि पाणी एकत्र धरून ठेवतो, पांढरा भाग रचना उभी करतो, ही दोन्ही कामे अंड्याऐवजी घातलेली कोणतीही एक वस्तू करू शकत नाही. दुसरी बाजू म्हणते की हा केक नावासाठी नाही, खाण्यासाठी करायचा आहे, आणि कंडेन्स्ड मिल्क, दही-सोडा यांवर आपल्या घरांत दोन पिढ्यांचा अनुभव जमा झालेला आहे. कंडेन्स्ड मिल्कमुळे ओलावा आणि दाटपणा दोन्ही येतात, दह्याने वीण मऊ होते.

चव आणि ओलावा यांत अंड्याशिवायचा केक कमी पडत नाही. तो मागे राहतो ते कापात, काप पाडताना चुरा होतो. त्यामुळे लोफऐवजी पसरट भांडे घेणे बरे. लिंबाच्या केकमध्ये मात्र एक अडचण जास्तीची आहे. दही आणि सोड्याचे प्रमाण आधीच बांधलेले असते, वरून लिंबाचा रस घातला की ते बिघडते. इथे तर रस पूर्णपणे पाकासाठीच राखून ठेवावा.

अजून काय ठरायचे आहे

काही प्रश्न खरोखर खुले आहेत. मैद्याचा पहिला. केकसाठीचे अमेरिकी पीठ 7 ते 9 टक्के प्रथिनांचे असते, आपला मैदा सहसा त्याहून वर. काही मैदा काढून कॉर्नफ्लॉर घालण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. पाउंड केकमध्ये स्निग्धांश आणि साखर इतकी आहे की त्याची गरज किती, यावर अनुभवी हातांचीही मते वेगळी आहेत. बेकिंग पावडर घालावी की नाही, हाही प्रश्न आवडीपाशी येऊन थांबतो. न घातलेल्या केकची वीण अधिक शुद्ध, घातलेल्याचे यश अधिक खात्रीचे. पाक मुरलेला केक दुसऱ्या दिवशी चांगला की तिसऱ्या, याचे उत्तर फळावर आणि हवेवर बदलते. आणि कागदी लिंबू, ईडलिंबू, नागपुरी संत्रे, मोसंबी यांच्या साली समान प्रमाणात घालून शेजारी शेजारी ठेवून केलेली पद्धतशीर तुलना आपल्या पाकसाहित्यात सहज सापडत नाही. हे काम एखाद्या गृहविज्ञान महाविद्यालयाने किंवा उत्साही मासिकाने हाती घ्यावे असे आहे.

आज हाती असलेल्या माहितीवर माझा कौल असा : मैदा 200 ग्रॅम, साखर 200, कवचाविना अंडी 200, लोणी 160, वास नसलेले तेल 30, सायीचे दही 50, बेकिंग पावडर एक सपाट चमचा. साल साखरेत चोळून. रसाचा थेंबही मिश्रणात नको, 60 मिलीलिटर रस आणि 60 ग्रॅम साखर यांचा पाक गरम केकवर. हिवाळ्यात लोणी फेटून, उन्हाळ्यात वितळवून.

पाककृती लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. वाट्या आणि कप सोडून ग्रॅममध्ये लिहा, अंड्याचे वजन द्या, लोणी खारे की बिनखारे ते सांगा, आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या गावात करून पाहिले तेही नोंदवा. पुढच्या आढाव्यातले निम्मे वाद त्यानेच कमी होतील.